काटेरावांच्या कपाटातलं दुसरं नेट

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मला घरात बजावलं आहे. पण ती जंगलातली आहे. जंगलातल्या गोष्टीचा आमच्या घराशी काय संबंध? तेव्हा बाळांनो, जवळ सरकून बसा आणि हळू हसा.

एका जंगलात काटेराव नावाचे एक साळिंदर राहत. त्यांचं बीळ मोठं होतं. पाच खोल्या आणि जाड मातीच्या भिंती. त्यामुळे नेट फक्त पुढच्या खोलीत यायचं. त्यांची मुलगी कुसळी मागच्या खोलीत अभ्यासाला बसायची. तिथे पडद्यावर नुसतं चाक फिरायचं.

मग काटेरावांनी प्रत्येक खोलीत एक पांढरा डबा बसवून घेतला. एका डब्याने नेट दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. याला मेश म्हणतात. काटेराव हा शब्द प्रत्येक पाहुण्याला दोनदा ऐकवत.

डबे बसवायला माकड आलं होतं. जाताना त्याने पिशवीतून एक छोटं डोंगल काढलं.

"हे बॅकअप, काका. तार तुटली तरी हे टॉवरवरून नेट खेचतं. पुढच्या खोलीतल्या मोठ्या डब्याच्या पाठीत खुपसून ठेवा. पहिलं नेट गेलं की हे आपोआप सुरू होतं. तुम्हाला कळतसुद्धा नाही."

"कळतसुद्धा नाही?" काटेरावांचे काटे उभे राहिले. "म्हणजे माझ्या घरात, मला न विचारता?"

"तीच तर गंमत आहे, काका."

"गंमत तुझ्या झाडावर कर."

माकड गेल्यावर काटेरावांनी डोंगल उपसून काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. पिशवी रुमालात गुंडाळली. रुमाल कपाटात ठेवला, पाहुण्यांच्या कपबशांशेजारी. त्या कपबशांतून आजवर कुणीही चहा प्यायलं नव्हतं. मग कपाटाला कुलूप लावलं आणि चावी कमरेच्या काट्याला अडकवली.

"अहो, पण ते आहे कशासाठी?" कुसळीच्या आईने, साळूबाईंनी, विचारलं.

"अडीअडचणीसाठी."

"मग डब्यातच असू द्या ना."

"डब्यात ठेवलं तर वापरलं जाईल!"

यावर काही उत्तर तुम्हाला सुचतं का, बाळांनो? नाही ना?

नदीपलीकडच्या टेकडीवर एक शाळा होती. तिथे तारे बघायला शिकवत. कुसळीला तिथेच जायचं होतं. पण ती फार लाजाळू होती. कुणी आलं की काट्यांत तोंड लपवायची. ताऱ्यांबद्दल मात्र ती मागच्या खोलीतल्या भिंतीशी तासन्‌तास बोलायची. शाळेत एकच जागा उरली होती. घुबडबाई पडद्यावरून मुलाखत घेणार होत्या.

मुलाखतीच्या दिवशी घुबडबाईंनी विचारलं, "तुला इथे का यायचंय?"

कुसळीने खाली पाहिलं. मग वर पाहिलं. जन्मात पहिल्यांदा ती परक्या कुणासमोर मोठ्याने म्हणाली, "कारण मला..."

आणि बाहेर रानडुकरांनी रस्ता खणताना तार तोडली. रानडुकरं तो रस्ता दर महिन्याला खणत. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घुबडबाई अर्धे डोळे मिटून पडद्यावर अडकल्या. मोठ्या डब्याचा दिवा लाल झाला. बाकीचे चार डबे मजेत हिरवे होते. पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या. मोठ्या डब्याकडे द्यायला काहीच नव्हतं आणि ते काहीच-नाही चारही डबे पूर्ण ताकदीने मागच्या खोलीपर्यंत पोहोचवत होते.

कुसळी धावत पुढच्या खोलीत आली. "बाबा, चावी!"

काटेराव मुळा चघळत होते. "काय झालं?"

"नेट गेलं. मुलाखत चालू आहे. बॅकअप लावा ना!"

"येईल आत्ता. जरा धीर धर."

"बाबा, त्या थांबणार नाहीत!"

"हे बघ बाळा, आज हे वापरलं आणि उद्या खरी अडचण आली तर?"

"ही खरीच आहे!"

"ही मुलाखत आहे," काटेराव समजुतीच्या सुरात म्हणाले.

"अहो, द्या की तिला," साळूबाई म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस. मी विचार करतोय."

विचार चांगला खोल होता. तो संपेपर्यंत घुबडबाईंनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं होतं. तो एक ससा होता. त्याला ताऱ्यांत काही रस नव्हता. पण त्याचं नेट चालू होतं.

तार काही जोडली गेली नाही. संध्याकाळी काटेरावांचे साहेब, तरससाहेब, चहाला आले. बसल्या बसल्या त्यांनी मोबाइल काढला. त्यांना गुलाबाचं फूल असलेलं 'शुभ संध्या' सगळ्या जंगलाला पाठवायचं होतं. गुलाब जागीच गोल गोल फिरत राहिला.

"काय हो काटेराव, नेट नाही वाटतं तुमच्याकडे?"

काटेरावांना घाम फुटला. "आहे की, साहेब! चांगली दोन-दोन आहेत!"

कुलूप उघडलं. रुमाल सुटला. पिशवी सुटली. डोंगल डब्याच्या पाठीत गेलं आणि बघता बघता नेट पाचही खोल्यांत पसरलं. गुलाब गेला. साहेब हसले. त्या आनंदात कपबशासुद्धा बाहेर निघाल्या.

मागच्या खोलीत कुसळीचा पडदाही जागा झाला. त्यावर एकच ओळ आली. मुलाखत मध्येच सोडून जाणाऱ्यांचा पुन्हा विचार होत नाही.

"बघितलंस?" साहेब गेल्यावर काटेराव म्हणाले. "ऐन वेळी कसं उपयोगी पडलं! म्हणून वस्तू जपून ठेवायची असते."

चावी पुन्हा कोणत्या काट्याला अडकते आहे, ते कुसळी बघत होती.

तात्पर्य: अडचण खरी आहे की खोटी, हे जिच्यावर ती आली तिने ठरवायचं नसतं. ज्याच्याकडे चावी आहे, त्याने ठरवायचं असतं. म्हणून बाळांनो, लहानपणी तारेबिरे बघत बसू नये. चावीकडे लक्ष ठेवावं.

थांबा, बाबा हाक मारताहेत. नेट गेलंय आणि त्यांना कपाटाची चावी सापडत नाहीये. "आले, बाबा!" जायला हवं मला. पण तुम्ही कुणाला सांगणार नसाल तर सांगते, ती चावी सध्या माझ्याच...