गच्चीवरचं खडूचं घर

मी एकदा दत्तूअण्णांचं अख्खं स्वयंपाकघर ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. न्हाणीघरही. तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती.

दत्तूअण्णा लालबागच्या चाळीतले आमचे शेजारी. गिरणीत कापड तपासण्यात जन्म गेला, निवृत्तीनंतर उरलेलं जग तपासायला घेतलं. "आधी करून बघूया" हे पालुपद. फ्रिज घ्यायचा तर त्या मापाचं रिकामं खोकं पंधरा दिवस घरात ठेवलं, जाता-येता त्याला वळसा घातला, आणि शेवटी छोटा फ्रिज आणला. लग्नाआधी म्हणे सासुरवाडीच्या विहिरीचं पाणी पिऊन आले. मुलगी नंतर पाहिली.

चाळीच्या जागी टॉवर व्हायचं ठरलं. सगळ्यांनी धडाधड सह्या केल्या. मी तर नकाशा उलटा धरून केली. अडले एकटे अण्णा. नकाशातलं घर त्यांनी खऱ्या मापानं गच्चीवर खडूनं आखलं आणि रोज संध्याकाळी बायकोला, मालतीवहिनींना, त्यात चालवायला लागले. वहिनींची नजर डायबिटीसनं गेलेली. एक स्टूल म्हणजे पलंग. तिथून त्या पावलं मोजत निघायच्या. अण्णा रेघेबाहेर, हात पाठीमागे. चुकल्या की एकच शब्द, "भिंत." की वहिनी पुन्हा पहिल्यापासून. आम्ही चहाचे कप घेऊन बघायला जायचो. एकदा मी मधूनच गेले, तर मला म्हणाले, "दारातनं ये गो. कपाटात उभी आहेस तू."

मला घरात संडास हवा होता, तोही लवकर. अण्णांच्या सहीवाचून सगळं खोळंबलेलं, त्यात पापड वाळत घालायला गच्ची मोकळी नाही. पुसलं मी.

अण्णा रागावले नाहीत. टेप काढली, गुडघे टेकून सगळं पुन्हा आखलं. मग वहिनी स्टुलावरून उठल्या, ओट्याला वळसा घातला आणि न्हाणीच्या दारात नेमक्या थांबल्या. एकदाही "भिंत" नाही. मला तर न्हाणीतला नळ दिसायला लागला.

त्यांची सून वहिनींना घेऊन खाली गेली. आता माफी मागायची, तर मी उलट अण्णांनाच सुनावलं, की दिसत नसलेल्या बाईला असं एकटं सोडता, निदान हात तरी धरावा माणसानं.

अण्णांनी जिन्याकडे एकदा पाहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "हात धरला तर ती कुठंही पोचते गो. मी नसेन तेव्हा पोचते का, ते बघतोय."