उणिवेला जादा गुण

आमच्या घरात गेम मास्टर मी व्हायचं, हा निर्णय एका रविवारी सकाळी दाढी करता करता झाला. निर्णय माझाच होता. (घरातले बाकीचे निर्णय माझ्या गैरहजेरीत होतात.)

झालं होतं असं, की महिन्याभरात आमची लेक शिकायला परगावी निघणार होती. हातात रविवार उरले होते चार. तिची इच्छा एकच, की टेबलाभोवती बसून खेळायचा तो कथेचा खेळ घरच्यांबरोबर एकदा तरी शेवटपर्यंत व्हावा. त्यात प्रत्येकाने आपापलं पात्र बनवायचं, मास्टरने संकटं उभी करायची, आणि पात्रं तरतात की मरतात ते गुणांवर आणि फाशांवर ठरायचं. मागच्या सुट्टीत तिच्या मामाने मास्टरकी केली होती. तो माणूस दिलदार. ज्याने जे मागितलं ते त्याने देऊन टाकलं. सासूबाई अमर झाल्या, बायको उडायला लागली, लेक अदृश्य झाली आणि तासाभरात संकटंच संपली. फासे डब्यात भरताना लेकीचं तोंड एवढंसं झालं होतं. ते मी पाहिलं होतं.

"या वेळी मास्टर मी," मी साबणाच्या फेसातून जाहीर केलं. "चारही रविवार पुरेल असा खेळ करतो."

"जमेल तुला, बाबा?" तिने विचारलं.

जमेल का म्हणे! एकोणीस वर्षं मी परवाना खात्यात अर्जांची छाननी करतोय. लोकांना मर्यादा घालण्यावर आमची चूल पेटते. आठवडाभर खपून मी सात दरवाजांचा किल्ला रचला, आत एक दगडी राक्षस बसवला आणि पात्रनिर्मितीची बावीस कलमी नियमावली काढली. राजघराणं बाद. उडणं बाद. अमरत्व बाद. (सासूबाईंनी "निदान दीर्घायुष्य तरी" अशी तोंडी विनंती केली. ती फेटाळली.) ताकद, अक्कल, वाणी वगैरेंवर वाटून घ्यायला प्रत्येकाला गुण फक्त पंधरा. अर्ज तीन प्रतींत.

कलम चौदा मात्र मला स्वतःला फार आवडलं होतं. प्रत्येक पात्राला एक खरीखुरी उणीव हवी. उणीव जितकी मोठी, तितके जादा गुण. खेळाडूने पुरावा द्यायचा, आणि तो खोडून काढता आला नाही तर मास्टरने मंजुरी द्यायचीच. जादा गुणांना कमाल मर्यादा घालायचं मला सुचलंच नाही. कसं सुचणार? एकोणीस वर्षांत एकाही अर्जदाराने आपली उणीव वाढवून सांगितली नव्हती.

पहिल्या रविवारी दुपारी अर्ज आले. बायकोचं पात्र तिरंदाज. उणिवेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नवरा सोबत येतो.' जादा गुण मागितले होते दहा. पुरावा म्हणून तिने मागच्या सहलीची आठवण करून दिली. मी नकाशा वाचत उभा होतो आणि आमची बस समोरून निघून गेली होती. मला खोडून काढता येईना.

सासूबाई झाल्या होत्या औषधी मुळ्या विकणाऱ्या. उणीव, 'जावई.' गुण बारा.

"पुरावा?" मी जरा कडक आवाजात विचारलं.

त्यांनी नुसतं बोट वर केलं. सगळे गप्प झालो. मी दुरुस्त केलेला न्हाणीघरातला नळ आतून टप टप वाजत होता.

"जावईबापू, तेरा मागणार होते," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, घरचा माणूस आहे."

लेक चोर. उणीव, 'बाप.' गुण नऊ. कारण तिच्या बापाचं म्हणणं असं, की चोरी करण्याआधी परवानगीचा अर्ज भरला पाहिजे. मी नियमावली उघडली. कलम सहा. अक्षर माझंच होतं.

नियम म्हणजे नियम. मी तिन्ही अर्जांवर शिक्का मारला. त्यानंतर माझे सात दरवाजे दुपारचा चहा उकळायच्या आत उघडले. सासूबाईंनी सगळे जादा गुण वाणीत घातले होते. त्या राक्षसाशी बोलायला लागल्या, आणि पाचव्या मिनिटाला राक्षस किल्ल्याची किल्ली त्यांच्या हाती देऊन पायरीवर जाऊन बसला. मला त्याची अवस्था समजू शकत होती.

"छान होतं, बाबा," लेक म्हणाली. तसलं 'छान' मी कचेरीतल्या निरोपसमारंभात ऐकतो. मला फार वाईट वाटलं.

पण मी हार मानणारा नव्हे. दुसऱ्या रविवारी कलम चौदा-अ आलं, की नवरा, जावई आणि बाप उणीव म्हणून धरता येणार नाहीत. राक्षस पुन्हा आपल्या जागी बसवला. तिघींनी माझं नाव खोडलं, बराच वेळ पेन्सिली चावल्या, दुसरी उणीव काही सुचली नाही आणि अखेर पंधरा-पंधरा गुणांवर निघाल्या. पहिल्याच दरवाजाशी तिघीही मेल्या.

लेकीने माझ्या हातावर हात ठेवला.

"बाबा, तुझ्याशिवाय नाही रे निभाव लागत आमचा."

आता पंधरा दिवसांत ही जाणार, आणि अशा वेळी हे शब्द! मी चष्मा पुसायला काढला.

"हो ना," बायकोने बेरीज करून सांगितलं. "एकतीस गुण कमी पडतात."

त्या आठवड्यात मी खरा मास्टर झालो. चौदा-अ रद्द केलं, आणि राक्षसाचाही अर्ज भरला. त्याला एक बायको, एक सासू आणि एक लेक दिली. जादा गुण चाळीस. पुरावे मी एका दमात वाचून दाखवले. कोणालाही खोडून काढता आले नाहीत. तिसरा रविवार पुरला, चौथाही पुरला, आणि शेवटचा फासा पडला तेव्हा लेकीची बॅग दाराशी भरून तयार होती. राक्षस हरला, पण मानाने हरला. लेक इतकी हसली, की मला तेवढ्यावर पुढचं वर्ष काढता आलं असतं.

पंधरा दिवसांनी तिचा हॉस्टेलवरून फोन आला. तिथे खेळायला मंडळी मिळाली होती. तिने तेच पात्र घेतलं होतं, तीच उणीव, 'बाप', लिहिली होती. पण तिथली मास्टर पुरावा मागत होती. मी अभिमानाने बसलो, माझ्याबद्दलची सगळी हकिकत एका पानावर लिहिली, बायकोची आणि सासूबाईंची साक्षीदार म्हणून सही घेतली आणि तीन प्रती रवाना केल्या.

आठ दिवसांत अर्ज परत आला. खाली लाल शाईत तिथल्या मास्टरचा शेरा होता, 'एवढी उणीव एका माणसात बसत नाही. कृपया दोघांत विभागून द्यावी.'