चौथीच्या वर्गाची हवा आणि माझे तीन स्लाइस

वर्गातल्या नकाशावर समुद्राला केस उगवले होते. बारीक, काळे, बेटांच्या आसपास जरा दाट.

मुख्याध्यापकांना वास येत नाही. लहानपणी नाकावर चेंडू बसला, तेव्हापासून.

आईला दुपारच्या चहात बुडवायला काहीतरी लागतं.

शाळेने अलीकडे एकही ढाल जिंकलेली नाही, पण ढालींचं कपाट आहे. भलंमोठं. एका खिडकीला टेकून उभं.

बुरशीतलं मला सगळं कळतं.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मलाही लागला नव्हता. लागला असता तर आज मी गोदामात खोकी मोजत नसतो. पण ते नंतर.

आधी शेवटच्या वाक्याबद्दल. मी ब्रेडच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. ब्रेडला बुरशी लागू न देणं हे माझं काम. पोलिसाला जसा गर्दीत चोर दिसतो, तशी मला बुरशी दिसते. हिरवी, काळी, कापसासारखी, मखमलीसारखी, लांबून ओळखतो. घरी पाहुणे आले की मी त्यांना बुरशीचे फोटो दाखवतो. आमच्याकडे पाहुणे कमी येतात.

बायको शाळेत चौथीला शिकवते. शाळा सुरू झाल्यापासून खोकत होती. रविवारी संध्याकाळी तिचा आवाज बासरीसारखा, सोमवारी दुपारी पत्र्याच्या डब्यासारखा. वर्गातली निम्मी पोरं शिंकत. हजेरीला "हजर" म्हणायच्या आत शिंक यायची, आणि बायको शिंकेवरून मूल ओळखून खूण करायची.

ती मुख्याध्यापकांकडे गेली.

"सर, वर्गात ओल आहे. कपाटामागून कुबट वास येतो."

"मला नाही आला."

"तुम्हाला कसलाच येत नाही, सर."

"म्हणूनच मी निःपक्षपाती आहे."

दुसऱ्या दिवशी वर्गात गुलाबाच्या वासाची फवाऱ्याची बाटली आली. आता वर्गाला कुबट गुलाबाचा वास येऊ लागला, म्हणजे एखाद्या श्रीमंताच्या तळघराचा. कपाट हलवू म्हटलं, तर ढाली फुटतील, शाळेची इभ्रत आहे. दुसरी खोली द्या म्हटलं, तर रिकामी एकच, कार्यालयाशेजारची. दोन मोठ्या खिडक्या, छान वारा, आणि मधोमध एक आरामखुर्ची. दारावर पाटी 'अभ्यागत कक्ष'. अभ्यागत कधी येत नाहीत. जेवणानंतर सर येतात आणि डोळे मिटून शाळेचा विचार करतात. घोरण्याचा आवाज व्हरांड्यात ऐकू जातो.

"पुरावा आणा," सर म्हणाले. "पंधरा दिवसांनी पालकसभा आहे. हवा खराब आहे हे सिद्ध झालं, तर ही खोली चौथीला. नाही झालं, तर वर्ग आहे तिथेच राहील, आणि तक्रार खोटी होती असं तुम्ही पालकांसमोर सांगायचं."

हे सगळं तिने मला घरी सांगितलं. अधूनमधून खोकत.

"हवा मोजायचं यंत्र असलेला माणूस असतो म्हणे. बोलावू या?"

"घरात तज्ज्ञ असताना बाहेरचा कशाला? तू हे माझ्यावर सोड."

"तीच तर भीती आहे."

"अगं, हवेत काय आहे हे कळायचं तर तिला खायला घालावं लागतं. ती काय खाते, त्यावरून ती कोण ते कळतं."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

प्रयोग असा. ब्रेडचे तीन स्लाइस, जरासे ओले करून, भोकं पाडलेल्या तीन डब्यांत. एक डबा वर्गात, कपाटामागे, फूटपट्टीने ढकलून. दुसरा अभ्यागत कक्षात. तिसरा आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर, तुलनेसाठी, कारण स्वच्छतेचा नमुना म्हणजे आमचं स्वयंपाकघर. शाळेतल्या दोन्ही डब्यांवर सरांनी चिकटपट्टी लावून सही केली. निःपक्षपाती माणूस.

ब्रेड अर्थात आमच्याच कारखान्याचा. दुसऱ्या कोणाचा ब्रेड घरात आणणं हा माझ्या दृष्टीने व्यभिचार आहे.

"फ्रिजवरच्या डब्याचं आईंना सांग हं," बायको म्हणाली.

"सांगतो."

(इथे एक मोकळी जागा सोडतो. या जागेत मी आईला सांगायला हवं होतं.)

मग रोज संध्याकाळी दारातच:

"काय म्हणतो आपला स्लाइस?"

"पांढरा."

पुढे:

"आज?"

"पांढरा."

"कडेला हिरवट? किंचित?"

"कपाटामागे बॅटरी मारून बघितला. तुझ्या सगळ्या शर्टांपेक्षा पांढरा आहे."

पुढे तिने चप्पल काढायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. "पांढरा. विचारू नकोस."

इकडे फ्रिजवरच्या स्लाइसला मात्र मिसरूड फुटलं. मग मिशी. मग हिरवी दाढी, तिच्यात काळे ठिपके. असं सुंदर पीक मी नोकरीत पाहिलं नव्हतं. मी डबा हातात धरून उभा राहिलो. विज्ञान एका दिशेला बोट दाखवत होतं, आणि त्या दिशेला माझी आई ओटा पुसत होती.

"आई, आपल्या स्वयंपाकघरात बुरशी आहे."

फडकं थांबलं. "परत म्हण."

"म्हणजे, वैज्ञानिकदृष्ट्या..."

"उठल्या उठल्या मी हा ओटा घासते. याच ओट्यावर तुला बसवून भरवलंय. तुला लागली का बुरशी?"

आतल्या खोलीतून बायकोच्या खोकल्याचा आवाज आला. खोकलाच असावा.

आईने त्यानंतर काही म्हटलं नाही. फक्त सगळे डबे बाल्कनीत काढले, भिंती धुतल्या, फडताळं धुतली, मला न विचारता माझे बुरशीचे फोटोही धुतले. सभेपर्यंत घरच्या प्रत्येक घासाला फिनेलचा वास येत होता.

सभेच्या दिवशी सकाळी मी तिसरा डबा पिशवीत घातला.

"घरचा कशाला?" बायको म्हणाली. "शाळेतले दोन आहेत ना."

"निम्मा प्रयोग दाखवायचा? प्रामाणिकपणा म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना. नेमका आजच आहे."

पालकसभा चौथीच्याच वर्गात भरली. पालक पोरांच्या बाकांवर, गुडघे कानाशी घेऊन. पहिल्या बाकावर पालक समितीचे अध्यक्ष, ते दातांचे डॉक्टर. त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडायला धजत नाही. शेवटच्या बाकावर माझी आई. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ओट्याची अब्रू वाचवायला आली होती.

सरांनी डबे टेबलावर मांडले. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू ढालच मिळाली.

"हा या वर्गातला." चिकटपट्टी काढली, स्लाइस वर धरला. "निष्कलंक. हा अभ्यागत कक्षातला. निष्कलंक. आणि हा," त्यांनी तिसरं झाकण उघडलं, "बाईंच्या घरचा."

पहिली रांग मागे सरकली.

डॉक्टरांनी चष्मा लावून डब्यात बघितलं. "म्हणजे वर्गाची हवा शुद्ध. बुरशी बाई घरून घेऊन येतात."

"अरे देवा," एक आई म्हणाली, "माझी मुलगी त्यांच्या जवळच बसते."

"घर साफ होईपर्यंत बाईंनी घरीच थांबलेलं बरं," दुसऱ्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच माना हलल्या.

"मीही तेच सुचवणार होतो," सर म्हणाले.

बायकोने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत घटस्फोट नव्हता. घटस्फोटाला कागदपत्रं लागतात, वेळ जातो. ही नजर तातडीची होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "तो ब्रेड त्याचा नाही."

सगळी मुंडकी वळली. आई उभी होती.

"आई, तू खाली बस."

"तू बस. तू ठेवलेला मी दुपारी चहात बुडवून खाल्ला. घरात दुसरं काही नव्हतं. तू ओरडशील म्हणून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणला आणि जागा भरली."

"बेकरीतून?" मी आजूबाजूचं सगळं विसरलो. "आपल्या घरात बेकरीचा ब्रेड?"

"कायम असतो. पिठाच्या डब्यात. त्या दिवशी तेवढा संपला होता. तुझा ब्रेड चहात विरघळत नाही, बाबा. मागे एक तुकडा माळ्यावर राहिला होता. मुंग्यासुद्धा वळसा घालून जात होत्या."

"मग त्या दिवशी स्वयंपाकघरावर बोललो, तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा नुसता ओटा बदनाम होत होता," आई म्हणाली. "आता सून होतेय."

ती खाली बसली. वर्गात कोणीतरी शिंकलं.

आणि तेव्हा, चौथीच्या बाकावर, मला माझ्या नोकरीचा अर्थ कळला. ज्या ब्रेडला बुरशी लागू नये म्हणून मी पगार घेतो, तो ब्रेड मी बुरशी शोधायला पाठवला होता. पिंजऱ्यात दगड ठेवून घरात उंदीर नाहीत म्हणणारा मी एकटाच असेन. आमच्या स्लाइसने तिथे काय पाहिलं असेल ते असो, त्याला स्पर्श करायची बुरशीची हिंमत झाली नव्हती.

"याचा अर्थ काय?" डॉक्टर मला विचारत होते.

गप्प बसणं सोपं होतं. बायको घरी बसली असती, पोरं शिंकत राहिली असती, माझी नोकरी राहिली असती. मी गप्प बसलोही. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ. मग बायको खोकली. या खेपेला नक्की खोकलाच होता.

मी उठलो आणि ढालींच्या कपाटाला खांदा लावला.

"ढालींना हात लावायचा नाही!" सर ओरडले.

कपाट हललं नाही. मी काही फार ताकदवान नाही. बायको आली, तिने दुसरा खांदा लावला. मग आई. मग डॉक्टर, हातरुमाल नाकाला लावून. कपाट कर्र करत बाजूला झालं.

एखादं अस्वल वर्षभर पाठ टेकून झोपावं आणि जाताना कातडं तिथेच विसरावं, अशी ती भिंत होती. काळी, हिरवी, जाड. वरच्या मजल्यावरच्या नळातलं पाणी तिच्यातून झिरपत होतं. खिडकीच्या काचेलाही लव आली होती. कपाटाच्या मागच्या फळीतून ती आत शिरली होती आणि ढालींवरचं मखमल दुप्पट मऊ झालं होतं.

सरांना वास नाही आला. पण त्यांना शिंक आली. मग आणखी एक. मग मोजणं सोडून दिलं.

"बुरशी आहे," मी म्हणालो. "भरपूर आहे. बाईंची तक्रार खरी आहे. फक्त आमच्या ब्रेडला ती लागत नाही."

मी इथे थांबायला हवं होतं. बायकोने खुणावलंही.

"का लागत नाही?" डॉक्टर म्हणाले.

"त्यात औषध असतं."

"किती?"

"पुरेसं."

डॉक्टर भिंतीकडे बघत राहिले, मग टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र स्लाइसकडे. मघाची ती आई हळूच पर्समधून मुलीचा डबा काढत होती. उघडला. आत दोन स्लाइस, तसेच, त्याच पांढऱ्या रंगाचे.

"मी रोज हाच देते," ती म्हणाली.

"आम्हीपण."

"पाकिटावरच लिहिलंय ना, तीन आठवडे ताजा."

आणि सगळे पालक, चौथीच्या बाकांवरून, एका वेळी, भिंतीकडे पाठ करून माझ्याकडे वळले.

पुढचं थोडक्यात. चौथीचा वर्ग सोमवारी अभ्यागत कक्षात गेला. दोन्ही खिडक्या उघड्या असतात. आठवडा संपायच्या आत बायकोची बासरी परत आली. आता ती त्या बासरीत मला ओरडते. नळ दुरुस्त झाला, भिंत खरवडली, पण तो वर्ग अजून सुकतोय. आरामखुर्ची तिथे गेली आहे. सर म्हणतात, वास अजिबात नाही.

पालकांचं शिष्टमंडळ कारखान्यात आलं, आणि त्यानंतर मला गुणवत्ता विभागातून गोदामात हलवलं. तिथे ओल नाही, असं मला मुद्दाम सांगण्यात आलं.

वर्गातला स्लाइस डॉक्टरांनी मागून घेतला. त्यांच्या दवाखान्यात काचेच्या बरणीत तो ठेवलेला आहे. परवा दात दाखवायला गेलो होतो. तसाच आहे. माझ्या दाताला कीड लागली आहे.

आई आता बेकरीचा ब्रेड पिठाच्या डब्यात लपवत नाही. टेबलावर ठेवते. मीही खातो. चहात छान विरघळतो.

पाकिटावर 'तीन आठवडे ताजा' असं छापायची सूचना माझी होती. या सगळ्याच्या आधी, एप्रिलमध्ये, कारखान्याने मला त्याबद्दल ढाल दिली.