एका संघातले जास्तीत जास्त दोन

हिरालाल यांच्या हिंगणघाटच्या कृषी केंद्रातली गल्ल्याशेजारची खुर्ची रिकामी झाली, तेव्हा तिथे दुर्गेशने बसावे असे घरात कोणी ठरवले नाही. ते आपोआपच ठरले. दुर्गेश त्यांचा मेहुणा. संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला, आणि त्यानंतर दोन वर्षे बहिणीकडे राहून काहीतरी करणारा. आकड्यांची आवड असलेल्या माणसाला दुकानासारखी दुसरी जागा नाही, असे हिरालाल यांचे म्हणणे होते. युरियाच्या पोत्यांचा अभ्यास करण्यासारखे काही नसते, असे दुर्गेशचे.

त्याचे आकडे वेगळे होते. अल्लीपूरला दरवर्षी संक्रांतीनंतर टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा भरत असे. आसपासचे सहा संघ येत. कॉलेजात असल्यापासून दुर्गेश या स्पर्धेतला प्रत्येक चेंडू टिपत आला होता. अल्लीपूरचा धर्मेंद्र डावखुऱ्यांना कुठे चेंडू टाकतो, पुलगावचा रिंकू पहिल्या दहा चेंडूंत किती वेळा हवेत मारतो, हे त्याला तोंडपाठ होते. बसस्टँडजवळ सायबर कॅफे चालवणाऱ्या प्रफुलने हे सगळे एका वेबसाइटवर टाकून दिले. किती जणांनी ती पाहिली हे दाखवणारा एक आकडा तिच्या तळाशी होता. तो वाढला का हे पाहायला दुर्गेश ती वारंवार उघडत असे, आणि त्यामुळेच तो वाढत असे.

"लोकायले आकडे नाई पायजे," प्रफुल एक दिवस म्हणाला. "लोकायले आपला माणूस पायजे. तू त्यायले माणसं वाटून दे, मंग पाय कसे आकडे विचारत येतात."

कल्पना सोपी होती आणि इंटरनेटवर ती चालतही होती. ज्याला खेळायचे त्याने सहा संघांतून स्वतःचे अकरा खेळाडू निवडायचे. खेळाडूंनी मैदानावर धावा काढल्या, बळी घेतले, झेल पकडले, की त्याचे गुण निवडणाऱ्याच्या चिठ्ठीवर जमा. स्पर्धेअखेर ज्याचे गुण जास्त, तो जिंकला. दुर्गेशने जुन्या नोंदींवरून बळीला किती गुण आणि झेलाला किती, हे काळजीपूर्वक काढले. मग त्याच्या लक्षात आले, की अल्लीपूरची माणसे अल्लीपूरचेच अकरा निवडतील आणि पुलगावची पुलगावचे. त्यात कौशल्य काय राहिले? म्हणून त्याने एक नियम घातला. एका संघातले जास्तीत जास्त दोन. हा नियम त्याला फार आवडला होता.

बक्षिसासाठी दोघे हिरालाल यांच्याकडे गेले. त्यांनी दुकानातला हिशेब बाजूला ठेवून शांतपणे ऐकले. गव्हाला युरिया देण्याचे दिवस होते. प्रत्येक पोत्यामागे एक चिठ्ठी फुकट द्यायची आणि बक्षीस म्हणून दुकानाच्या नावाने रंगीत टीव्ही ठेवायचा, हे त्यांनी लगेच मान्य केले. पण अट घातली.

"कोणी याले सट्टा म्हणलं नाई पायजे, आन् मारामारी झाली नाई पायजे. मागच्या साली फायनलले काय झालतं, माहीत आहे ना?"

मागच्या साली अंतिम सामन्यात अल्लीपूर आणि पुलगाव यांनी स्टंप उपटून एकमेकांना मारले होते, आणि तिघांना टाके घालायला सावंगीच्या दवाखान्यात न्यावे लागले होते. त्याआधीच्या वर्षीही थोडेफार तसेच.

"भांडण न होता पार पडलं, तं मागची खोली तुह्या आकड्यायले. कम्प्युटर देतो, फोन देतो, पाटी लावून देतो. आन् एकाचं जरी डोस्कं फुटलं, तं दुसऱ्या दिवशी सकाळी तू त्या खुर्चीवर. मंजूर?"

दुर्गेशने त्या खुर्चीकडे पाहिले आणि मंजूर म्हटले.

चिठ्ठ्या अपेक्षेपेक्षा जास्त गेल्या. ज्यांनी गहू पेरलाच नव्हता असेही काही जण युरिया घेऊन गेले. आणि प्रफुल म्हणाला होता तसेच झाले. लोक आकडे विचारू लागले. धर्मेंद्रची आई वच्छलाबाई, जिने मुलाचा एकही सामना कधी पाहिला नव्हता, ती दुकानाच्या पायरीवर बसून रिंकूची सरासरी विचारून गेली. दुर्गेशने ती दोन दशांश स्थळांपर्यंत सांगितली. त्या रात्री त्याला समाधानाची झोप लागली.

पहिला सामना अल्लीपूर विरुद्ध पुलगाव. धर्मेंद्रने दुसऱ्याच षटकात रिंकूचा त्रिफळा उडवला आणि हात पसरून धावत सुटला. सीमारेषेवर त्याची आई उभी होती.

"त्याले काऊन आऊट केलं बे?"

"आई, थो पुलगावचा आहे."

"असन पुलगावचा. माह्या अकरातला आहे ना. तुले आऊट कराले दुसरा कोणी भेटला नाई का?"

गोलंदाजाचे काम काय असते, हे धर्मेंद्रने तिला समजावले. तिने ते समजून घेतले आणि यापुढे ज्यांना कोणी निवडलेले नाही त्यांना आऊट करत जा, असे सुचवले. त्या संध्याकाळी धर्मेंद्रच्या ताटात नुसती भाकर आली. वांग्याची भाजी त्याच्या वडिलांच्या ताटात होती.

हे कळल्यावर दुर्गेश आणि प्रफुल पोट धरून हसले. तिसऱ्या सामन्यानंतर मात्र दुर्गेशचे हसणे थांबले. आकडे बिघडत होते. फलंदाजांच्या धावा एवढ्या वाढल्या होत्या, की त्याच्या जुन्या नोंदींत तसे एकही वर्ष सापडेना. धावबाद होणे जवळपास बंद झाले होते. उलट मोजक्या चार गोलंदाजांना भरमसाट बळी मिळत होते, आणि ते सगळे शेवटच्या क्रमांकांच्या फलंदाजांचे.

शास्त्र शिकलेल्या माणसाने जे करावे ते त्याने केले. एकेक कारण घेतले आणि तपासले. खेळपट्टी तीच होती. चेंडू वर्ध्याच्या त्याच दुकानातले होते. त्याने ते जुन्या चेंडूंसोबत टाकून त्यांची उसळी मोजली. वारा, दव, सीमारेषेची लांबी, सगळे तसेच. शेवटी तो पंचांकडे गेला. बापूराव हे निवृत्त शिक्षक, स्पर्धेचे कायमचे पंच, आणि पायचीत देण्यात अतिशय कडक. यंदा त्यांनी एकदाही पायचीत दिले नव्हते.

"सर, तुम्हीही चिठ्ठी भरली का?"

"मी कायले भरू?" बापूराव म्हणाले. "पंचाले शोभते का थे? आमच्या सखूनं भरली. सांगितली मीच."

मग दुर्गेशने खेळाडूंना विचारले. कोणी काही लपवले नाही. लपवण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटतच नव्हते. स्पर्धेतल्या प्रत्येक खेळाडूने चिठ्ठी भरली होती. दुर्गेशच्याच नियमामुळे प्रत्येकाच्या अकरातले निदान नऊ जण समोरच्या संघांतले होते. आपला माणूस कसा आऊट करायचा, आपल्या माणसाला धावबाद करून त्याचे गुण कसे घालवायचे, असा प्रश्न त्यांनी उलट दुर्गेशलाच केला.

"तूच तं सांगितलं ना, दोनच घेजो म्हणून," रिंकू म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, आठवण होती.

आपण हवामान मोजायला यंत्र लावले आणि यंत्रच पाऊस पाडू लागले, असे दुर्गेशला झाले. पण अंतिम सामन्यासह काही सामने बाकी होते, आणि नियम दुरुस्त करता येत होते. त्याने जाहीर केले, की यापुढे गोलंदाजाने धावा दिल्या तर गुण कापले जातील आणि झेल सोडला तरी कापले जातील. याचा परिणाम ताबडतोब दिसला. चेंडू हवेत उडाला की क्षेत्ररक्षक त्याच्यापासून लांब पळू लागले, कारण ज्याने हात लावलाच नाही त्याने झेल सोडला असे म्हणता येत नव्हते.

अंतिम सामन्याला पुन्हा अल्लीपूर आणि पुलगाव आले. हिरालाल स्वतः मोटारसायकलवर आले आणि मंडपात पंचायत समितीच्या सभापतींशेजारी बसले. त्यांनी प्रथमोपचाराची पेटी सोबत आणली होती. पंचक्रोशीतून माणसे लोटली होती. मैदानाच्या एका कडेला प्रफुलने गुणांचा मोठा फळा लावला होता आणि खडूने तो क्षणाक्षणाला बदलत होता. थोड्याच वेळात प्रेक्षक खेळाकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करून बसले.

पुलगावची फलंदाजी आली. रिंकू जवळपास प्रत्येक चिठ्ठीत होता आणि धर्मेंद्रही. दोघे एकमेकांच्या चिठ्ठीतही होते. त्यामुळे त्यांच्यात फार सभ्यतेने खेळ चालला.

"रिंकूभाऊ, एकच घ्या," धर्मेंद्र चेंडू टाकण्याआधी म्हणायचा. "जास्त मारसान तं माहे कटतीन."

रिंकू एक धाव घेऊन पलीकडे जायचा, मग धर्मेंद्र दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाचा त्रिफळा उडवायचा, आणि फळ्याजवळून दोन्ही गावांच्या टाळ्या एकदम यायच्या. इतर गोलंदाजांना रिंकू मोकळेपणाने मारायचा. त्याच्याविरुद्ध तीनदा अपील झाले, तेही कोणीतरी सवयीने केले म्हणून. तीनही वेळा बापूरावांनी नकारार्थी मान हलवली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. डाव संपला तेव्हा धर्मेंद्र रिंकूला स्वतःच्या बाटलीतले पाणी पाजत होता.

अल्लीपूरचा डावही याच शिस्तीत झाला. शेवटचे षटक आले तेव्हा त्यांना सहा धावा हव्या होत्या आणि एकच बळी उरला होता. पुलगावच्या नामांकित गोलंदाजांपैकी कोणीही चेंडू हातात घेईना. धावा गेल्या तर जमलेले गुण कापले जाणार. कर्णधाराने चिंधूला बोलावले. चिंधू कापसाच्या गिरणीत कामाला होता, अकरावा माणूस कमी पडला की संघात यायचा, आणि त्याला एकाही चिठ्ठीत कोणी निवडले नव्हते. समोर अल्लीपूरचा बंडूजी होता. त्याला आणि त्याच्या जोडीदारालाही कोणी निवडले नव्हते.

ते षटक कोणीच पाहिले नाही. फळ्यावर आता काही बदलणार नव्हते, म्हणून लोक प्रफुलभोवती गोळा होऊन बेरजा करत होते. फक्त दुर्गेश पाहत होता. चिंधूने जीव तोडून चेंडू टाकले. बंडूजीने दोन धावांसाठी स्वतःला मातीत झोकून दिले आणि गुडघा सोलून घेतला. मग एक चेंडू त्याच्या बॅटीला चाटून गेला, त्याची एक धाव झाली, आणि पलीकडच्या जोडीदाराने पुन्हा एक धाव घेऊन त्याला समोर आणले. शेवटच्या चेंडूवर दोन धावा हव्या होत्या. चिंधूने स्टंपच्या बुंध्यात चेंडू टाकला आणि मधला स्टंप उडाला. बापूराव तेव्हा फळ्याकडे पाहत होते. चिंधूने दोन्ही हात वर केले, आजूबाजूला पाहिले, आणि खाली घेतले. बंडूजीने जाऊन त्याच्याशी हात मिळवला.

टीव्ही बापूरावांच्या बायकोला, सखूबाईंना, लागला. पंचाच्या घरात बक्षीस गेले म्हणून एकाने आवाज चढवला. हिरालाल यांनी पेटीच्या कुलपावर हात ठेवला. पण बापूरावांनी रिंकूला तीनदा वाचवले त्यात आपलेही गुण वाढले, हे दुसऱ्याने त्याला दाखवून दिले आणि तो गप्प झाला. दोन्ही गावांची माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चहाच्या टपरीकडे गेली. सभापती चषक हातात धरून बराच वेळ उभे होते. शेवटी चिंधू पुढे झाला, दोन्ही हातांनी तो घेतला, आणि पुलगावच्या एसटीत मांडीवर ठेवून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालाल दुकानात आले तेव्हा दुर्गेश गल्ल्याशेजारच्या खुर्चीवर बसला होता.

"इथं काऊन बसला?" हिरालाल यांनी विचारले. "एकाचंही डोस्कं फुटलं नाई. प्रफुल पाटी रंगवून राह्यला. पोळ्याच्या आधी कबड्डीचं करू म्हणते. जा, खोली उघड."

रात्रभर बसून आपण यंदाची सगळी स्पर्धा नोंदींतून काढून टाकली, फक्त शेवटचे षटक ठेवले, असे दुर्गेशने सांगितले. त्या खोलीत प्रफुलला बसू द्या, त्याला ते जमेल, असेही तो म्हणाला.

"लोक खुश आहेत ना पण."

"लोक खुश आहेत भाऊजी. आकडे खोटे आहेत." दुर्गेशने समोरच्या थप्पीकडे बोट केले. "हे बरं आहे. पन्नास किलो लिहिलं, म्हणजे पन्नास किलो. पोत्याले कोणाची चिठ्ठी भरायची नाई."

हिरालाल यांनी टोपी काढून खिळ्याला अडकवली, देवाला उदबत्ती लावली आणि त्याच्याकडे पाठ असतानाच हळूच म्हणाले, "लिहिलेलं असते पन्नास. आतमंदी किती राह्यते, थे आजपर्यंत कोणी पाह्यलं नाई."

दुर्गेश खुर्चीवरून उठला आणि कोपऱ्यातला वजनकाटा ओढत थप्पीजवळ घेऊन गेला.