देव अटकेत

जहाज पाच वाजता मुंबईहून सुटणार होतं, आणि पावणेचार झाले तरी केबिनमध्ये चारपैकी तीनच बॅगा आल्या होत्या. गरिमाची लाल बॅग आली नव्हती. आली होती ती दाराखालून सरकवलेली चिठ्ठी: बॅग तपासणीत अडकली आहे, मालकाने खाली येऊन भेटावे.

त्या बॅगेत, दोन टॉवेलांच्या मधोमध, सासूबाईंच्या, सुधाताईंच्या, देवांचा डबा होता.

"मी तर बोललोच होतो," तिचा नवरा समरजीत पलंगावर पसरत म्हणाला, "देवांना ग्वाल्हेरलाच राहू दे. शेजारच्या मंदाताईंनी केली असती पूजा."

"मंदाताई आंघोळीआधी चहा पितात," सुधाताई म्हणाल्या. पूजा चुकू नये म्हणून अकरा वर्षं त्यांनी ग्वाल्हेरच्या दाना ओलीतलं घर एका रात्रीसाठीही सोडलं नव्हतं. देव सोबत येणार, या एकाच अटीवर त्या निघाल्या होत्या. आता त्यांनी चपला घातल्या आणि पर्स खांद्याला लावली. "देव उतरले तर मीपण उतरणार. सांगून ठेवते."

गरिमा दाराशी आडवी आली. "आईसाहेब, खरं सांगा. उदबत्ती ठेवलीत ना? काडेपेटी?"

"नाही गं."

"कापूर? एखादी वडी?"

"तीनदा डबा तपासलास तू! निरांजन काढायला लावलंस, पडावच्या बाजारातून बॅटरीचा दिवा आणवलास."

"चौथ्यांदा बघायला हवं होतं," गरिमा पुटपुटली, आणि नियमांचे छापील कागद घेऊन निघाली. मागे सगळं घर.

लिफ्टमध्ये गरिमाच्या पाच वर्षांच्या मुलाने, राघवने, जाहीर केलं, "आमच्या भगवानजींना पुलिसनी पकडलंय."

"अरे देवा!" नाशिकच्या एका काकूंनी हात जोडले. त्या आणि त्यांचे यजमान तिसऱ्या मजल्यावर उतरणार होते. ते उतरलेच नाहीत. तळाला पोचेपर्यंत मोर्चात सहाजण झाले होते.

काउंटरमागच्या अधिकाऱ्याने तोंड उघडायच्या आत गरिमाने सुरुवात केली. "सर, सॉरी! मेरी सास हैं. उम्र हो गई है, नियम समझ में नहीं आते. पूजा का सामान है, जो निकालना है निकाल लीजिए, बस हमें उतारिए मत!"

सुधाताईंनी सुनेकडे एकदा पाहिलं.

अधिकाऱ्याने बॅग उघडली. डबा दोन्ही हातांनी उचलून सुधाताईंच्या ओंजळीत ठेवला. "माताजी, इसमें कुछ गलत नहीं है." मग त्याने बॅगेत पुन्हा हात घातला. इलेक्ट्रिक किटली निघाली. इस्त्री निघाली. शेवटी निघाला वीस मीटर नायलॉनचा दोर.

"ये किसका है?"

काकू पुढे सरकल्या. समरजीत छताकडे बघू लागला. अधिकाऱ्याने गरिमाच्या हातातला कागद घेतला. पहिलं पान लाल पेनाने रंगलेलं होतं: उदबत्ती, कापूर, काडेपेटी. त्याने पान उलटलं. दुसऱ्या पानावर किटली होती, इस्त्री होती, दोर होता, आणि पेनाची एकही खूण नव्हती.

"साहेब," सुधाताई शांतपणे म्हणाल्या, "बच्ची है अभी. नियम समझ में नहीं आते. माफ कर दीजिए."

अधिकारी हसला. तीन वस्तू जमा करून घेतल्या, परतताना घेऊन जा म्हणाला. कोणालाच उतरावं लागणार नव्हतं. गरिमाला इतकं हलकं वाटलं, की तिने नाशिकच्या काकूंनाच मिठी मारली.

पाच वाजता भोंगा झाला. केबिनच्या टेबलावर देव बसले होते, समोर बॅटरीचा दिवा लुकलुकत होता.

"किटली राघवच्या दुधाला, ते समजलं," सुधाताई म्हणाल्या. "पण दोर कशाला गं?"

"बोट बुडाली तर... सगळ्यांना एकमेकांना बांधायला."

"म्हणजे सगळे एकदमच!"

समरजीत उशीत तोंड खुपसून हसला. मग गरिमाही. तेवढ्यात जमीन किंचित हलली, आणि सुधाताईंनी झटकन सुनेचं मनगट पकडलं.

"दोर तर जमा झाला," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "आता तूच सोडू नकोस."