आडवा शब्द सात

शब्दकोड्याचे उत्तर चुकणे ही दैनिकाच्या दृष्टीने नवीन बाब नव्हती. ते चुकले असे छापावे, ही मागणी मात्र अभूतपूर्व होती आणि ती खुद्द कोडेकाकांनीच केली.

कोडेकाका म्हणजे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि दैनिकाचे कोडेकार. आडवा शब्द सात: ‘मुळांनी शोषलेले पाणी पानांपर्यंत नेणारी ऊती’. उत्तर ‘जलवाहिनी’. काकांनी डुलकीच्या भरात ‘रसवाहिनी’ लिहून दिले. ती बिचारी पानांत तयार झालेले अन्न वाहते. चौकटी दोघींनाही पाचच लागत असल्याने दैनिकात कोणाला संशय आला नाही.

“आज कोडं चुकलं म्हणालो, तर उद्या लोक बातमीवर बोट ठेवतील,” संपादक म्हणाले. “आणि कोड्याखाली आपण काय छापतो? आमचं उत्तर अंतिम राहील.”

त्यानुसार ‘जलवाहिनी’ लिहिणाऱ्या सर्वांच्या प्रवेशिका बाद झाल्या. ‘रसवाहिनी’ लिहिणारे एकच गृहस्थ निघाले. त्यांना बक्षीस मिळाले, फोटो छापून आला. तेथून ते उत्तर एका गाईडात गेले आणि गाईडातून प्रवेशपरीक्षेत. काकांच्या नातीने आजोबांनी शिकवले तेच लिहिले आणि तिचा कृषी महाविद्यालयाचा प्रवेश एका गुणाने हुकला. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

काका तडक परीक्षा मंडळात गेले. मंडळाने तत्परतेने चौकशी समिती नेमली आणि तज्ज्ञ म्हणून काकांनाच बोलावले.

“छापील उत्तर कोणाचं?” अध्यक्षांनी विचारले.

“माझंच. पण ते चुकलंय.”

“म्हणजे तुम्ही चुकता.”

“हो, तेव्हा चुकलो.”

“मग आत्ता चुकत नाही कशावरून?”

समितीने एकमताने निष्कर्ष नोंदवला: तज्ज्ञ बेभरवशाचे आढळल्याने त्यांचे पूर्वीचे उत्तरच ग्राह्य धरावे.

पुढच्या वर्षी नात पुन्हा परीक्षेला निघाली. प्रश्न बदलण्याची मंडळात पद्धत नव्हती. दारात थांबून तिने विचारले, “आजोबा, काय लिहू?”

काका चष्मा पुसत राहिले.

“रसवाहिनी लिही, बाळा.”

तिला प्रवेश मिळाला.

काय एकेक मंडळी असतात, म्हणून तुम्ही मान हलवली असेल. पण पाणी नेणारी ती जलवाहिनीच, हे तुम्ही तरी कशावरून मानलेत? वर छापले होते म्हणूनच ना?