मी एकदाच खरी तारीख सांगितली

संशोधन व्यवस्थापनाच्या क्षेत्रात माझ्याइतका मुरलेला माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही! हे मी स्वतःच सांगतोय, कारण सांगायला दुसरं कुणी अजून पुढे आलेलं नाही.

तसा मी शास्त्रज्ञच होणार होतो. पाच वर्षं गोगलगाईंवर संशोधन केलं. पाचव्या वर्षाच्या शेवटी माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "तुम्हा दोघांत गोगलगायच जरा पुढे सरकलेली दिसतेय." मग म्हटलं, आपल्याला संशोधन जमत नसेल, तर ज्यांना जमतं त्यांच्या मानगुटीवर बसायला काय हरकत आहे? आणि एका संशोधन संस्थेत व्यवस्थापक म्हणून चिकटलो. काम एकच. शास्त्रज्ञांच्या डोक्यात कल्पना असतात, बाहेरच्या संस्था निधी देतात, आणि या दोघांच्या मधे अर्ज नावाचं जे प्रकरण असतं ते मुदतीच्या आत भरून घ्यायचं. दोन वर्षं उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम!

मुदतीच्या आत म्हटल्यावर तुम्ही हसला असाल तर तुमच्या घरात शास्त्रज्ञ असणार. हा माणूस मुंगीच्या पायावरचे केस मोजेल, पण भिंतीवरचं कॅलेंडर त्याला दिसत नाही. पहिल्याच अर्जाच्या वेळी माझी अशी दमछाक झाली की मी कानाला खडा लावला. खरी तारीख म्हणून सांगायची नाही! वीस तारीख असेल तर तेरा सांगायची. मग ते तेराला जागे होतात, सोळाला लिहायला बसतात, एकोणीसला भांडतात आणि विसाला अर्ज जातो. पुढचे नऊ अर्ज असे गेले, नऊच्या नऊ वेळेवर! मला वाटायचं, माझी ही युक्ती माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

तेवढ्यात संस्थेने मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथले गुरुजी सारखे एकच घोकत होते, "विश्वास! व्यवस्थापन म्हणजे विश्वास!" मग त्यांनी आम्हाला डोळे मिटून मागे पडायला लावलं. मागच्याने आपल्याला झेलायचं. माझा मागचा फोनवर बोलत होता. तरीही, डोक्याला आलेलं टेंगूळ चोळत मी ठरवलं की यापुढे खोटं बोलायचं नाही!

आणि मुहूर्त कोणता साधला, तर संचालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं त्या अर्जाचा.

"वारुळांमुळे नापीक माती सुधारते का, यावर पाच वर्षांचा मोठा प्रकल्प आहे," ते म्हणाले. "हा अर्ज वेळेत गेला की तुमच्या कायम होण्यासाठी मी समितीशी भांडेन. नाही गेला, तर तुम्हाला गोगलगाई आहेतच."

अर्जावर माणसं तीन. मातीचा अभ्यास करणाऱ्या मातीवाल्या मॅडम, मुंग्यांमागे फिरणारे मुंग्यावाले सर, आणि दोघांची आकडेमोड करणारे आकडेवाले. मी तिघांना एकत्र बसवलं आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, "शेवटची तारीख वीस. संध्याकाळी पाच. खरीखुरी."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मॅडम गोड हसल्या. "हो हो. वीस."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या प्रयोगशाळेत डोकावलो, तर कुणी जागचं हललेलं नाही! आणि भिंतीवर एक आलेख. खाली लिहिलेलं, 'व्यवस्थापकांची तारीख', बाजूला 'खरी तारीख', आणि मधे नऊ ठिपके, एका सरळ रेषेत.

"हे काय आहे?"

"तुमचा नियम," आकडेवाले अभिमानाने म्हणाले. "तुमच्या तारखेत सात मिळवायचे. नऊपैकी नऊ वेळा बरोबर! चूक होण्याची शक्यता जवळजवळ शून्य."

खोटं कशाला सांगू, त्या इमारतीत एवढं पक्कं संशोधन त्याआधी झालेलं नव्हतं.

"अहो, तेव्हा मी खोटं बोलत होतो!" मी कळवळून म्हणालो. "आता सुधारलोय!"

"बोललोच की नाही मी?" आकडेवाले मॅडमना म्हणाले. "दाब वाढवायला हा माणूस आता कबुलीजबाब देणार."

मग मी निधी देणाऱ्या संस्थेची सूचनाच काढून टेबलावर आपटली. वीस तारीख, ठळक अक्षरांत! मॅडमनी ती चष्मा लावून, उलटसुलट करून वाचली.

"ही सूचना कुणी काढली असेल हो?"

"त्यांच्या व्यवस्थापकाने."

"म्हणजे तुमच्यासारख्याच ना?" त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात ठेवला. "चहा घेणार?"

मुंग्यावाल्या सरांना गाठलं, तर ते पाठीवर पिशवी अडकवून निघालेले.

"सर, कुठे? वीस तारखेला अर्ज आहे!"

"वीसला मी रानात. माझ्या मुंग्यांना पंख फुटायला आलेत. त्या थांबतात का कुणासाठी?"

"मुदत तरी कुठे थांबते?"

"थांबते ना! सात दिवस," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि ते गेलेसुद्धा.

शेवटचा उपाय म्हणून संचालकांकडे धावलो. म्हटलं, "साहेब, तुम्ही तरी सांगा त्यांना. उद्याचा दिवस गेला की परवा वीस!"

संचालकांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "शास्त्रज्ञांना असं घाबरवायचं तर घाबरवा. पण माझ्यापाशी कशाला नाटक? सत्तावीस आहे ना?"

म्हणजे यांच्याकडेही तो आलेख पोचलेला! दोन वर्षं मी ज्या युक्तीवर मिशीला पीळ देत होतो, ती अख्ख्या इमारतीला पाठ होती. आता मी बोंब मारली तरी कुणी ढुंकून बघणार नव्हतं. 'लांडगा आला' म्हणणाऱ्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती, तेव्हा त्या मुलाला मूर्ख म्हणून हसलो होतो.

एकोणीसला संध्याकाळी घरी आलो तो रिकाम्या हातांनी. अर्जाची आठ पानं कोरी होती. बायको दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे माणसाने तोंड उघडायच्या आधीच तिला कळतं की आत काहीतरी सडलंय.

"काय झालं?"

"उद्या शेवटची तारीख आहे आणि कुणालाच पटत नाहीये."

"मला तरी कुठे पटतंय? लग्नाला जायचं तर तू मला पाचची वेळ सांगतोस आणि निघतो आपण सहाला!"

आणि काय सांगू, मला रडूच कोसळलं! ताटावर बसून, हातात घास घेऊन, चाळीस वर्षांचा बाप्या मी हमसून हमसून रडलो. "पुन्हा गोगलगाई नकोत गं! हे काम मला आवडतं! त्या तिघांची चांगली कल्पना नुसत्या तारखेपायी बुडणार, आणि बुडवणारा मी!" बायको आधी हसली, मग तिने माझं नाक पुसलं.

सकाळी नऊ वाजता तिने परस्पर फोन लावला. मातीवाल्या मॅडमची अक्कलदाढ तिनेच काढली होती. पुढचं मला नंतर मॅडमनी सांगितलं.

"मॅडम, काल हा जेवताना रडला."

"रडला? म्हणजे डोळ्यांतून पाणी?"

"नाकातूनही."

मॅडमनी फोन तसाच हातात धरून आकडेवाल्यांना विचारलं, "आधीच्या नऊ वेळांत रडल्याची नोंद आहे का?"

आकडेवाल्यांनी वही चाळली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "एकदाही नाही!"

"मग पळा!"

मी कार्यालयात शिरलो तेव्हा मॅडम दोन हातांनी दोन संगणकांवर टाइप करत होत्या. आकडेवाले तक्ते बनवत होते आणि एकीकडे स्वतःच्या आलेखाला शिव्या देत होते. मुंग्यावाले सर रानात एका झाडावर चढून फोनवरून आपला भाग सांगत होते, कारण खाली रेंज येत नव्हती.

"लिहून घ्या! वारुळातल्या मातीत... आई गं!"

"मातीत काय, सर?"

"चावली! मातीत नत्राचं प्रमाण... आई गं!"

एका ठिकाणी घाईघाईत मी 'आई गं'सुद्धा लिहून गेलो, ते मॅडमनी खोडलं. साडेतीनला सरांच्या फोनची बॅटरी संपली. चारला मॅडम आणि आकडेवाले एका स्वल्पविरामावरून भांडले. चार पन्नासला संचालक स्वतः येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि माझ्या मानेवर श्वास सोडू लागले. चार बावन्नला मी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली, 'अर्ज प्राप्त झाला'.

काय तो जल्लोष! आकडेवाल्यांनी मला उचललं, पण झेपलं नाही म्हणून लगेच खाली ठेवलं. पाच वाजून एक मिनिटाला मॅडमनी ते संकेतस्थळ पुन्हा उघडून बघितलं. बंद! त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"म्हणजे खरंच वीस होती! अहो, आधी नाही का सांगायचं?"

"सतरा वेळा सांगितलं!"

"सांगितलंत. पण रडला कुठे होतात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालकांनी बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बायकोला सांगून ठेवलं होतं की आज बाहेर जेवू.

"शाब्बास!" ते म्हणाले. "आज सकाळी समिती बसली. तुमच्यासाठी भांडायला मी अगदी बाह्या सरसावून गेलो होतो. पण तुमची फाइलच आली नाही."

"फाइल?"

"कायम होण्यासाठी तुम्ही स्वतः भरायचा तो अर्ज. आस्थापना विभागाने तुम्हाला पत्र पाठवलं होतं ना?"

पाठवलं होतं. मी वाचलंही होतं. 'अंतिम तारीख अठरा' असं त्यात होतं. ते वाचून मी जाणत्या माणसासारखा गालातल्या गालात हसलो होतो. म्हटलं, कुणाला शिकवताय? अठरा म्हणजे पंचवीस!

मी जिन्यावरून धडपडत आस्थापना विभागात गेलो. तिथल्या ताई फायलींना दोरे बांधत बसल्या होत्या.

"ताई, अठरा म्हणजे... खरोखरच अठरा?"

"आता अठराला अठराच म्हणतात ना हो?" ताई गोंधळल्या. "पुढची समिती सहा महिन्यांनी. तोवर उमेदवारी चालू."

मी त्यांच्या टेबलावर ओणवा झालो. "पण ताई, एक फोन तरी करायचा! बाकी सगळ्यांना तुम्ही तीन-तीनदा आठवण करता!"

"बाकीच्यांना करावी लागते," ताई कौतुकाने माझ्याकडे बघत म्हणाल्या. "तुम्हाला कशाला? मुदत कशी पाळावी म्हणून नव्या लोकांना मी तुमचंच तर नाव सांगते!"